दानाचा जमाखर्च

दान या शब्दाभोंवतीं आपल्या भाषेंत इतकें पावित्र्य सांचलें आहे कीं, त्याच्या शेजारीं 'खर्च' हा शब्द येऊन बसला म्हणजे तो बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा दिसूं लागतो. अन्नदान, विद्यादान, कन्यादान यांस खर्च लागत नाहीं असें नव्हे. कन्यादानापायीं कितीक बापांचीं शेतें गहाण पडलीं हें आपल्या कादंबऱ्यांनीं पुरेसें सांगितलें आहे. तथापि दानाची थोरवी गातांना त्याचा हिशेब विचारूं नये असा एक संकेत आपल्यांत रूढ आहे. दधीचि ऋषींनीं आपल्या अस्थि देवांस दिल्या ही कथा अवयवदानावरील प्रत्येक व्याख्यानांत व प्रत्येक भित्तिपत्रकावर हटकून येते. परंतु त्या अस्थींचें वज्र घडवावयाचें म्हणजे भट्टी पेटवावी लागली असेल, कोळसा लागला असेल, कारागिरांना मजुरी द्यावी लागली असेल. ती कोणीं दिली याची चौकशी पुराणांत कोणी करीत नाहीं. इंद्राचा खजिना भरलेला होता, तेव्हां प्रश्नच उद्भवला नाहीं.

आजच्या दधीचीची स्थिति निराळी आहे. तो बहुधा मोटारसायकलवरून पडलेला एखादा तरुण असतो, किंवा मेंदूंत एकाएकीं रक्तस्राव झालेली पन्नाशीची गृहिणी. मेंदूचें कार्य कायमचें थांबलेलें असतें. व्हेंटिलेटर श्वास पुरवितो म्हणून हृदय कांहीं काळ धडधडत राहातें. चार वैद्यकांच्या मंडळानें किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करून, हा मेंदुमृत्यु आहे असें लिहून द्यावें लागतें. मग नातेवाइकांशीं बोलावयाचें. त्यांनीं होकार दिला कीं खरी धांवपळ सुरू होते: रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब टिकविण्याचीं औषधें, रात्रभर खाटेशेजारीं उभी असलेली परिचारिका, प्रतीक्षायादीवरील रुग्णांस निरोप, शस्त्रक्रियागृह, बर्फाची पेटी, रुग्णवाहिका, रस्ता मोकळा करणारे पोलीस. हृदय शरीराबाहेर चारेक तासांहून अधिक तग धरीत नाहीं; यकृताला त्याहून थोडी अधिक सवड मिळते, मूत्रपिंडाला सुमारें एक दिवस. देणाऱ्यानें दिलें, परंतु तें घेणाऱ्यापर्यंत पोंचेतों जो खर्च होतो तो कोणीं सोसावयाचा, आणि घेतल्यावर तें टिकविण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, हे प्रश्न भित्तिपत्रकावर नसतात. आमचा विषय तोच आहे. पुण्यकर्माच्या गोष्टींत रुपये-पैशांचा उल्लेख ज्यांना रुचत नसेल त्यांनीं खुशाल पुढील लेखाकडे वळावें.

आपल्या देशांतील याविषयींचा मुख्य कायदा १९९४ सालचा. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारींतील विषय असल्यामुळें गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून संसदेस असा कायदा करण्याची विनंति केली होती, व ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो प्रथम याच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत अमलांत आला. मराठी माणसाला या श्रेयांतील वांटा घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्या काळीं कायदा करणाऱ्यांपुढें मुख्य चिंता होती ती मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीची. गरिबानें कर्ज फेडण्याकरितां शरीराचा तुकडा विकावा आणि श्रीमंतानें तो विकत घ्यावा, हा व्यापार मोठ्या शहरांतून उघड उघड चालला होता. यामुळें कायद्याची घडण मूलतः निषेधाची झाली: अमुक करूं नये, तमुक केल्यास तुरुंग. निषेधाला फारसा पैसा लागत नाहीं. विधायक भाग नंतर आला, २०११ च्या दुरुस्तीनें आणि २०१४ च्या नियमांनीं. प्रत्यारोपण समन्वयक नांवाचा नवा अधिकारी त्या दुरुस्तीनेंच आवश्यक ठरविला.

आम्ही व्यवसायानें भाषेचे शिक्षक असल्यामुळें एखादा नियम वाचूं लागलों म्हणजे आमचें लक्ष आधीं क्रियापदाकडे आणि उभयान्वयी अव्ययांकडे जातें. २०१४ च्या नियमांत असें आहे कीं, मृत दात्याचें शरीर राखणें, अवयव काढणें, ते जतन करणें व पोंचविणें यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडतां कामा नये. राज्य सरकार ठरवील त्याप्रमाणें तो अवयव घेणारानें, किंवा संस्थेनें, किंवा सरकारनें, किंवा एखाद्या स्वयंसेवी मंडळानें सोसावा. या वाक्यांतील नकार ठणठणीत आहे आणि त्याबद्दल कायदा करणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. पण पुढचे ते 'किंवा' पाहा! ज्या घरांत दिवा लावण्याचें काम 'थोरला किंवा मधला किंवा धाकटा' यांच्यावर सोंपविलेलें असतें, त्या घरांत तिन्हीसांजेला काय होतें हें वाचकांस सांगावयास नकोच.

खासगी रुग्णालयांत या 'किंवा'चें उत्तर चटकन मिळतें. तेथें घेणारा हजर असतो, आणि देणाऱ्याचा खर्च घेणाऱ्याच्या बिलांत मिळून जातो. सरकारी रुग्णालयांत घेणारा नसतो, नुसता देणारा असतो. अपघातांतील जखमी बहुधा तेथेंच आणले जातात. म्हणजे दान होण्याचा संभव जेथें सर्वांत अधिक, तेथेंच त्या दानाचा धनी कोणी नाहीं. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरापुढें व्हेंटिलेटर मोजके असतात आणि दाराशीं श्वासाकरितां तडफडणारा दुसरा रोगी आलेला असतो. जो गेला त्याच्याकरितां यंत्र अडवून जो जगूं शकेल त्याला बाहेर ठेवूं काय, असा प्रश्न त्यानें विचारला तर त्याला दोष देण्याची आमची छाती नाहीं. त्याच्या विभागांत आणखी एक खाट, आणखी एक यंत्र आणि आणखी एक परिचारिका असती तर हा प्रश्न त्यास पडलाच नसता. अवयवदानाला सरकारी द्रव्यसाहाय्य हवें असें आम्ही म्हणतों तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें ती खाट असते. चौकांतील फलकावर मंत्र्यांच्या छायाचित्राशेजारीं सूर्यफूल काढण्यास जो पैसा लागतो तो आम्हांस अभिप्रेत नाहीं.

आंकडे पाहूं. २०१३ सालीं देशांत पांच हजारांच्या जवळपास प्रत्यारोपणें झालीं होतीं. २०२४ सालीं तीं १८,९११ झालीं. ही वाढ लहान नाहीं. अमेरिका व चीन यांच्या खालोखाल आपला क्रमांक लागतो. परंतु २०२४ सालीं मृत्यूनंतर दान करणारे सारे मिळून १,१२८ होते. एवढ्या अफाट लोकसंख्येंत हें प्रमाण दहा लाखांमागें एकाचेंही होत नाहीं. स्पेनमध्यें तें पन्नासाच्या घरांत आहे. मग हीं मूत्रपिंडें आणि यकृताचे तुकडे येतात कोठून? घरांतून. २०२३ सालीं जिवंतपणीं अवयव देणारे पंधरा हजारांहून अधिक होते, आणि त्यांत साडेनऊ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. घेणाऱ्यांकडे पाहावें तों चित्र उलटें होतें: १९९५ पासून २०२१ पर्यंतच्या सरकारी नोंदींत छत्तीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणें आहेत आणि त्यांपैकीं पांचांतील चार पुरुषांचीं आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. त्यांचें प्रेम खरें असतें यांत संशय नाहीं. परंतु मृत्यूनंतरच्या दानाचा जो राजमार्ग सरकारनें बांधावयाचा तो बांधला न गेल्यामुळें, घरांतल्या पायवाटेवरची जकात बायका भरीत आहेत, हेंही तितकेंच खरें आहे.

हा विषय आम्हांस आंकड्यांतून सुचलेला नाहीं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचीं पुस्तकें गेलीं वीसेक वर्षें एकच बाइंडर बांधीत आले. त्यांची बांधणी अशी कीं, आंतलीं पानें झिजून भुगा झालीं तरी पुठ्ठा सुटावयाचा नाहीं. चाळिशी उलटतांच त्यांचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं. पत्नीचें जुळलें, तिनें एक दिलें. सरकारी आरोग्य योजनेंतून शस्त्रक्रियेचा बराच भार उचलला गेला, राहिलेला ग्रंथालयाच्या आणि आम्हां अध्यापकांच्या वर्गणींतून निघाला. दोन-तीन महिन्यांत ते पुन्हां खळीच्या वाटीशीं येऊन बसले आणि दाभण-दोरा हातांत घेतला, तेव्हां साऱ्या स्टाफरूमला एखादें पुस्तक परीक्षेच्या आधीं वेळेवर बांधून आल्यासारखें समाधान वाटलें.

पण परक्या अवयवाशीं शरीर कधींच समेट करीत नाहीं. १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत पुण्याकडील एका कारागिरानें एका गाडीवानाला कपाळाच्या कातड्याचें नवें नाक करून दिल्याची हकीकत छापून आली होती व तिनें तिकडील शस्त्रवैद्यांत मोठीच खळबळ उडवून दिली. पण तें कातडें त्या गाडीवानाचें स्वतःचें होतें, म्हणून तें रुजलें. दुसऱ्याचें असतें तर कांहीं दिवसांत गळून पडलें असतें. दुसऱ्याचा अवयव टिकवावयाचा तर शरीराची ती प्रतिकारशक्ति औषधांनीं दाबून ठेवावी लागते, आणि तीं औषधें रोज, दोन वेळां, जन्मभर घ्यावीं लागतात. १९८० नंतरच्या दशकांत सायक्लोस्पोरिन आलें तेव्हांपासून प्रत्यारोपण हा प्रयोग न राहातां उपचार झाला. त्या उपचाराचा खरा देह म्हणजे ही गोळी आहे. शस्त्रक्रिया हें तिचें नुसतें उद्घाटन.

आमच्या बाइंडरांना या गोळ्यांपायीं पहिल्या वर्षीं महिन्याला आठ-नऊ हजार रुपये पडत. औषधांकरितां मिळणारें साहाय्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस होतें, आणि त्यांची शिधापत्रिका केशरी. शस्त्रक्रियेला केशरी रंग चालला होता. गोळ्यांना पिवळा हवा होता. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एके दुपारीं जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे शिवतां शिवतां ते सहज म्हणाले, "सर, गोळी आतां एक दिवसाआड करतों."

"डॉक्टरांना विचारलेंत काय?"

"विचारलें असतें तर त्यांनीं रोज घ्या म्हटलें असतें."

पुन्हां वर्गणी झाली. ती पांच महिने पुरली. वर्गणीचा स्वभावच असा कीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं ती उदार असते आणि औषधाच्या वेळीं थकते. रोजच्या गोष्टीला टाळ्या नसतात. तिसऱ्या वर्षीं तें मूत्रपिंड गेलें. आतां ते आठवड्यांतून तीनदां जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत डायालिसिसला जातात. तें विनामूल्य आहे. उरलेल्या दिवसांत हातपाय चालतील तेवढें काम करतात. त्यांच्या घरीं आम्ही गेलों असतां वहिनी चहाचे कप ठेवीत म्हणाल्या, "सरकार आतां आठवड्यांतून तीनदां यांचें रक्त फुकट धुऊन देतें. तेवढेच गोळ्यांना दिले असते, तर माझी किडनी तरी यांच्यांत राहिली असती." बोलण्यांत कडवटपणा नव्हता. भाजीवाल्याच्या हिशेबांतली चूक दाखवावी इतक्या साध्या सुरांत त्या बोलल्या.

आणि हिशेब खरोखरच तसा आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या भाषणांत अर्थमंत्र्यांनीं राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हां त्यांनींच सांगितलें कीं, दर वर्षीं देशांत मूत्रपिंडें अखेरच्या अवस्थेंत निकामी झालेल्या सुमारें २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते. एका वेळच्या डायालिसिसला सुमारें २,००० रुपये लागतात, म्हणजे एका रुग्णाचा वर्षाचा खर्च तीन लाखांच्या वर जातो. तो कार्यक्रम सुरू झाला हें फार चांगलें झालें. त्यापूर्वीं जिल्ह्याच्या गांवचा रोगी दागिने विकून शहर गांठी व दागिने संपले म्हणजे घरीं परत येई. परंतु याच आंकड्यांशेजारीं गोळ्यांचा आंकडा मांडून पाहावा. महिन्याला दहा हजार धरले तरी वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. शिवाय गोळ्या घेणारा माणूस कामावर असतो, आणि डायालिसिसवरील माणसाचे आठवड्यांतले तीन दिवस खाटेवर जातात. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यांतील तोटा दिसेल.

हें शहाणपण केवळ आपल्यालाच उशिरां सुचत आहे असें नाहीं. अमेरिकेनें १९७२ सालीं कायदा करून मूत्रपिंडें निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा उपचार, मग त्याचें वय कांहींही असो, मेडिकेअर या सरकारी विम्याखालीं आणला. त्यांत डायालिसिसला मुदत नव्हती. प्रत्यारोपण झालेल्याचा हक्क मात्र, तो वृद्ध किंवा अपंग नसल्यास, छत्तीस महिन्यांनीं संपे, आणि त्याबरोबर औषधेंही संपत. मग पैशाअभावीं औषध सुटे, अवयव जाई, आणि तोच मनुष्य डायालिसिसचा रुग्ण म्हणून पुन्हां सरकारी विम्याच्या दारांत हक्कानें प्रवेश करी. ही विसंगति वर्षानुवर्षें सर्वांस दिसत होती. तिची दुरुस्ती २०२० च्या डिसेंबरांत मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून तीं औषधें मुदतीवांचून मिळूं लागलीं. जगांतील सर्वांत श्रीमंत सरकारला जें उमगावयास इतका काळ लागला तें आपण थोडक्यांत उमजून घ्यावें, एवढाच त्या उदाहरणाचा आमच्यापुरता उपयोग.

आपल्याकडे कांहींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. केंद्र सरकारचा राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रम आहे. दिल्लीस राष्ट्रीय संस्था, तिच्याखालीं विभागीय आणि राज्य संस्था आहेत, व पश्चिम विभागाचें कार्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत आहे. समन्वयकांच्या पगाराला, अवयव काढण्याच्या केंद्रांना, दात्याचें शरीर राखण्याला साहाय्य देण्याची त्यांत तरतूद आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास प्रत्यारोपणानंतरच्या औषधांकरितां महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्याचीही आहे. यादी चांगली आहे, आणि ती करणाऱ्यास रोग कळलेला आहे. आमचा आक्षेप रेषेवर आहे. जो त्या रेषेच्या एक बोट वर उभा आहे, तो औषधाच्या पहिल्याच वर्षीं तिच्याखालीं जातो. पण त्याची शिधापत्रिका त्याच्याबरोबर खालीं जात नाहीं. जन्मभराच्या औषधाला उत्पन्नाची अट घालणें म्हणजे पूल अर्धा बांधून, ज्यांना पोहतां येत नाहीं त्यांनीं दाखला आणावा असें म्हणण्यासारखें आहे.

स्पेनचें नांव वर आलें. तेथील यशाचें कारण विचारलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मंडळी चटकन उत्तर देतात कीं, तेथें 'नको' म्हटल्याखेरीज प्रत्येकजण दाता समजला जातो, तसा कायदा आपणही करावा. तो कायदा तेथें १९७९ सालचा आहे. परंतु पुढील दहा वर्षांनीं, १९८९ त, तेथील प्रमाण दहा लाखांमागें चौदाच्या आसपासच होतें. त्या वर्षीं डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि आंकडा चढूं लागला. या गृहस्थांनींच पुनःपुन्हां सांगितलें आहे कीं, यश कायद्याचें नाहीं, संघटनेचें आहे. प्रत्येक रुग्णालयांत एक समन्वयक. तोही बहुधा अतिदक्षता विभागांतलाच डॉक्टर, ज्याला त्या कामाकरितां शिकविलें जातें आणि वेळ दिला जातो. त्या विभागांतील मृत्यु तपासून, येथें दान शक्य होतें काय व असल्यास कां झालें नाहीं, याची नोंद ठेवली जाते. प्रत्यक्षांत कुटुंबाला विचारल्यावांचून तेथेंही कांहीं केलें जात नाहीं.

इंग्लंडचा अनुभव तसाच बोलका आहे. २००८ सालीं तेथील तज्ज्ञांच्या समितीनें कायदा बदलण्याची सूचना नाकारली, आणि त्याऐवजीं प्रशिक्षित परिचारिका, रुग्णालयांतील जबाबदार डॉक्टर आणि खर्चाची भरपाई यांवर पैसा घालण्यास सांगितलें. पांच वर्षांत मृत दात्यांची संख्या निम्म्यानें वाढली. पुढें वेल्समध्यें २०१५ त आणि इंग्लंडांत २०२० त संमति गृहीत धरणारा कायदा आला. त्यानंतर कुटुंबांच्या प्रत्यक्ष संमतीचें प्रमाण इंग्लंडांत वाढण्याऐवजीं घटलें. कायदा करण्यास कागद लागतो आणि माणूस नेमण्यास पगार लागतो. तेव्हां सरकारांना कायद्याचा मोह कां पडतो हें उघड आहे. आपल्याकडील प्रतिज्ञापत्रांच्या मोहिमाही याच स्वस्त जातीच्या होत. आमच्या कॉलेजांतही एका दिवसांत शेंकड्यांनीं मुलें प्रतिज्ञा करतात, आणि ती मुलांची सदिच्छा खरी असते. परंतु मृत्यूच्या वेळीं सही करावयाची ती आईबापांनीं, आणि त्यांच्याशीं बोलावयास त्या रात्रीं रुग्णालयांत कोणी शिकलेलें माणूस असलें तर.

मुंबईच्या ज्या के. ई. एम. रुग्णालयाचा उल्लेख वर केला, तेथें १९६८ च्या फेब्रुवारींत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयाचें प्रत्यारोपण केलें होतें. दक्षिण आफ्रिकेंतील डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हां तीन महिनेही झाले नव्हते. रोगी कांहीं तासच जगला. आपल्याकडे मेंदुमृत्यूला कायद्यांत जागा नव्हती, औषधें नव्हतीं. देशांत यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हावयास ३ ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला, तोही दिल्लीच्या सरकारी आयुर्विज्ञान संस्थेंत. २०२३ पासून तो दिवस अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. आम्हांस या दोन्ही घटनांत सारखें वाटतें तें असें कीं, एक रुग्णालय महानगरपालिकेचें, दुसरें केंद्र सरकारचें. धाडस सार्वजनिक पैशावर झालें. आज हृदयप्रत्यारोपणाचें बहुतांश काम खासगी रुग्णालयांकडे गेलें आहे व त्याचा खर्च लाखांच्या कितीतरी पटींत आहे. परिणाम असा कीं, सरकारी वॉर्डांत मेलेल्या मजुराचें हृदय देण्याच्या कामीं येतें, पण त्याच मजुराला तें घेण्याची पाळी आली असती तर तो यादीपर्यंतही पोंचला नसता. ज्या दानांत एका थरानें नेहमीं द्यावें व दुसऱ्यानें नेहमीं घ्यावें, त्या दानाविषयीं पहिल्या थराच्या मनांत संशय आला तर त्याला अडाणीपणा म्हणतां येणार नाहीं. 'ते आमच्या माणसाला मुद्दाम मरूं देतील' ही भीति आपण अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतों. तिच्या मुळाशीं असलेला हा व्यवहार मात्र पाहात नाहीं.

तामिळनाडूनें तो पाहिला असें दिसतें. तेथील सरकारनें २००८ पासून मेंदुमृत्यूच्या घोषणेपासून अवयवांच्या वांटपापर्यंत एकामागून एक आदेश काढले. त्याच वर्षीं एका वैद्य दांपत्यानें आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले आणि त्याचें हृदय चेन्नईच्या गर्दींतून रस्ता मोकळा करून नेलें गेलें. त्या एका घटनेनें लोकांचीं मनें हललीं हें खरें. पण मनें हललीं तेव्हां सरकारची यंत्रणा तयार होत होती, म्हणून तें हलणें वायां गेलें नाहीं. तेथें सरकारी रुग्णालयेंही प्रत्यारोपण करतात, आणि मुख्यमंत्र्यांच्या नांवाची विमायोजना गरिबाचें यकृतही बसवून देते. २०२३ च्या सप्टेंबरांत तेथील सरकारनें प्रत्येक दात्याचा अंत्यविधि शासकीय इतमामानें करण्याचें ठरविलें. फुलांच्या एका चक्राला कितीसा खर्च येतो! २०२४ सालीं देशांत सर्वांत अधिक मृत दाते त्याच राज्यांत झाले.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत आली असेल: सरकारनें पैसाच द्यावयाचा तर तो सरळ देणाऱ्याला कां देऊं नये? इराणनें १९८८ पासून तसें केलें. अनोळखी माणसाला मूत्रपिंड देणाऱ्या जिवंत दात्यास तेथें ठरावीक रक्कम मिळते. प्रतीक्षायादी त्यानें आंखुडली असें सांगतात. पण देणारे कोण आहेत हें पाहिलें म्हणजे आमचें मन त्या पद्धतीस रुकार देत नाहीं. ते बहुशः गरीबच आहेत. मोबदला आणि भरपाई यांत आम्ही भेद करतों. दानाची किंमत देऊं नये. परंतु देणाऱ्याला दान करण्याबद्दल दंडही होऊं नये. २०२३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें आपल्या नोकरांस अवयव दिल्यास बेचाळीस दिवसांपर्यंत विशेष रजा मंजूर केली, ती याच तत्त्वावर. पोळीभाजी केंद्रांत रोजावर काम करणाऱ्या बाईनें नवऱ्याला मूत्रपिंड दिलें, तर तिचे बेचाळीस दिवस कोणाच्या खात्यांत टाकावयाचे, याचें उत्तर त्या आदेशांत असण्याचें कारण नव्हतें. तें दुसऱ्या कोणत्याही आदेशांत आम्हांस आढळलें नाहीं.

मृत दात्याच्या घरच्यांवरही असा एक दंड फार काळ पडत आला. अपघाती मृत्यु म्हणजे पोलिसांचें प्रकरण, म्हणजे शवविच्छेदन आलें. आणि सूर्यास्तानंतर तें करूं नये असा ब्रिटिश अमदानीपासूनचा प्रघात होता. दान देऊन झाल्यावरही देह हातीं यावयास सकाळ उजाडावी लागे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें तो प्रघात मोडला आणि अवयवदानाच्या प्रकरणांत रात्रींही अग्रक्रमानें शवविच्छेदन करावें असें कळविलें. अट एवढीच कीं, रुग्णालयाजवळ त्याची सोय असावी व रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचें चित्रमुद्रण व्हावें. सोय म्हणजे पुरेसा उजेड, रात्रपाळीचा डॉक्टर, दोन मदतनीस आणि एक कॅमेरा. ज्या बापानें संध्याकाळीं होकारावर सही केली तो पहांटेपर्यंत शवागाराच्या पायरीवर बसून राहूं नये, एवढ्याकरितां लागणारी ही रक्कम आहे. जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयांतून ती कोणत्या सदराखालीं पडते, आणि पडते कीं नाहीं, तें यंदाच्या अंदाजपत्रकाचीं बाडें आलीं म्हणजे आम्ही उघडून पाहाणार आहोंत.